रहस्यकथेला बत्तासा

मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून मी पुन्हा छापील पुस्तकाकडे वळले. त्याचा मला काय ताप झाला ते ऐका. इथे हिंदी मुलखात, लक्ष्मी तालाच्या काठी देवळाच्या पायरीवर बसून मी इतकी वर्षं मोबाइलवर कादंबऱ्या वाचल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. परवा पुण्याहून मागवलेली रहस्यकथा उघडली, तर एक बाई शेजारी येऊन बसली. पानावर बत्तासा ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, "अम्माजी, ज़रा ज़ोर से पढ़िए, हम भी सुन लें।"

मी म्हटलं, "बहनजी, यह पोथी नहीं है। इसमें खून होता है।"

"खून किस कथा में नहीं होता? आप पढ़िए।"

तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून मी चिडत चिडत एकेक वाक्य हिंदीत करून सांगितलं. अंधार पडला तरी खुनी सापडेना. शेवटी मी उठले, तर तिने सरळ माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पदराखाली धरलं.

"कल हम ले आएँगे। घर ले गईं तो आप अकेले आगे पढ़ लेंगी।"