सात कळ्यांचं हेल्मेट

भाची : मामा, ती बाटली खाली ठेव. आधी खाली ठेव, मग बोलू.

मामा : अगं चिंगे, थिनर आहे, ॲसिड नाही. चित्त्याच्या मिशीवरून रंगाचा एक ओघळ उतरलाय. फडक्याने एक हात मारतो, झालं. चाळीस वर्षं बसगाड्या रंगवल्या, ओघळ पुसायला कुणाची परवानगी मागितली नाही.

भाची : बस पत्र्याची असते. हे हेल्मेट प्लास्टिकचं आहे, तेही दुकानातलं सगळ्यात स्वस्त. बरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाशिवाय काही लावू नका, कवच कमजोर होतं.

मामा : कागद लिहिणाऱ्याने जन्मात कधी ब्रश धरला असेल का?

भाची : बरं, हे घे. कानाजवळचं जादा टोपण आलंय सोबत, तेच प्लास्टिक. काय पुसायचं ते याच्यावर पूस.

मामा : आण. हा बघ, एक थेंब, हलक्या हाताने एक फेरा, आणि... अरेच्चा.

भाची : काय झालं?

मामा : काही नाही. चघळलेल्या गोळीसारखं झालंय. माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला त्याच्यात.

भाची : आणि तेच डोक्यावर घालून मी विमानातून बारा हजार फुटांवरून उडी मारायची.

मामा : ओघळ राहू दे. चित्ता आहे, शिकार करून आलाय, तोंडाला थोडं काही लागलेलं असणारच.

मामी : कोण शिकार करून आलंय? आणि बाल्कनीत पाय ठेवायला जागा ठेवलीय का तुम्ही दोघांनी? मला ही चार पोलकी वाळत घालायचीत. गिऱ्हाइकाची आहेत, रंगाचा ठिपका पडला तर तुमच्या सदऱ्यातून भरपाई कापीन.

मामा : ये, ये. आलीस तर बघ. दोन्ही बाजूंना एकेक चित्ता. डावा झेप घेतोय, उजवा जमिनीवर उतरतोय. गेले दोन दिवस डोळ्यात तेल घालून काढलेत. मागे मी एका टँकरच्या पाठीवर तळं काढलं होतं, आठवतं ना? टँकर गावाबाहेर पडला तर सतरा बदकं त्याच्या मागे. दोन गावं चालत गेली बिचारी. ड्रायव्हरने शेवटी टँकर उलटं तोंड करून उभा केला, तेव्हा कुठे परतली.

मामी : गेल्या वेळी नऊ होती.

मामा : त्यांना पिल्लं झाली असतील.

मामी : चित्ते छान आहेत हो. पण चिंगे, मला एक कळत नाही. तुमच्या क्लबने दिलं ते करडं हेल्मेट काय वाईट होतं? दोन दिवस या माणसाने घरभर मास्किंग टेपचे तुकडे केलेत. माझ्या चपलेलाही लावलीय.

भाची : क्लबने दिलं नाही मामी, आम्ही बारा जणांनी मिळून घेतली. एकाच दुकानातून, एकाच रंगाची, घाऊक घेतली म्हणून आणखी स्वस्त. सूट सगळ्यांचे निळे, तो क्लबचा नियम. आता गेल्या रविवारी काय झालं ते ऐक. उडी मारल्यावर आमचा कॅमेरावाला आमच्या वर राहून पडतो आणि चित्रण करतो. कोचबाई खाली ते पाहून ठरवतात, हवेत एकमेकांना धरून करायच्या आठ जणांच्या साखळीत कुणाला घ्यायचं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, तू हवेत भोवऱ्यासारखी फिरलीस, हातपाय सांभाळायला शिक. मी फिरलेच नव्हते. फिरली ती औषधवाली, शेजारून पाहिलं मी.

मामी : कोण औषधवाली?

भाची : आमच्यातलीच एक, औषधाच्या दुकानात असते. चांगली आहे बिचारी, तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं ती फिरली ते. पण वरून दोघी सारख्याच, निळं अंग, करडं डोकं. तिची गिरकी माझ्या नावावर आणि माझी शिस्त तिच्या. आता हा रविवार शेवटचा. बाई म्हणाल्या, यात दिसली नाहीस तर पुढच्या वर्षी भेटू. तीन वर्षं मी याच्यासाठी सुट्ट्या साठवल्यात गं.

मामी : मग बाईंना सांगायचं नाही का, ती मी नव्हेच म्हणून?

भाची : सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक जण असंच म्हणतो.

मामा : म्हणून माझे चित्ते. आता कुणाची टाप आहे हिला दुसरी समजायची?

मामी : अहो, थांबा. चिंगे, तू हवेत पडतेस ती कशी पडतेस? उभी की बसलेली?

भाची : पालथी. पोट जमिनीकडे, हातपाय पसरून. थांब, दाखवते. मामा, ते स्टूल सरकव. हं. ही बघ अशी. हेल्मेट घालू?

मामी : घाल. चित्ते ओले नाहीत ना? घाल. आता तशीच राहा. मी या शिडीवर चढते, नाहीतरी दोरी वरच बांधायचीय. मी तुमचा कॅमेरावाला. मान वर धर, समोर बघ. हं.

मामा : काय दिसतं? झेप दिसते ना?

मामी : मला एक करडं पातेलं दिसतं. पालथं घातलेलं.

मामा : नीट बघ.

मामी : नीटच बघतेय. एका बाजूला चित्त्याचा कान आहे, तोही कान आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून. मधोमध नुसतं करडं. टाळूवर काही काढलंच नाहीत तुम्ही?

मामा : टपावर कोण रंगवतं? टपावर सामान असतं.

भाची : मामा.

मामा : अगं, चाळीस वर्षं गाडीच्या कडेला उभा राहून रंगवलं मी. बघणारा रस्त्यावर असतो, त्याला कडा दिसतात. टप फक्त कावळे बघतात. हेल्मेट हातात घेतलं आणि हात आपोआप कडेलाच गेला. माझं चुकलं, चिंगे. मला वाटलं, मी...

भाची : असू दे. आज गुरुवार आहे. नाराज होऊ नकोस, मलाही सुचलं नाही. मीच तर पडते तिथून.

मामी : आता उसासे पुरे. त्या टाळूवर असं काहीतरी हवं की शिडीवरून एका नजरेत कळेल. चित्रबित्र नको, चित्र लांबून चिखल दिसतं. छत्री कशी दिसते गच्चीवरून? झग्याच्या घेराला असतात तशा निमुळत्या कळ्या घाला. एक नारिंगी, एक पांढरी, सगळ्या मधोमध टोकाला मिळालेल्या.

मामा : गोलावर सरळ रेघ नाही बसत. टेप सुरकुतते. मी एकदा पाण्याच्या गोल टाकीला पट्टे मारले होते, तर ती टाकी गरगरतेय असं वाटून खालच्या चौकीदाराला तीन दिवस चक्कर...

मामी : टेप सुरकुतते, कागदाची कळी नाही सुरकुतत. सव्वीस वर्षं घेरदार झगे शिवतेय मी. माझी मापाची पट्टी द्या. चित्त्यांच्या कानांच्या वरून गोल फिरवते. छप्पन्न. आठ कळ्या, म्हणजे तळाशी सात-सात सेंटिमीटर. चिंगे, तो जुना पुठ्ठ्यासारखा कागद आण, आणि कात्री माझी आणू नकोस, कागदाने बोथट होते. यांची आण.

भाची : ही घे. मामी, तू आखलं तरी किती भरभर.

मामी : झगा असाच होतो. एक कळी कापायची, तिच्यावरून बाकीच्या. ही आठ. आता लावून बघा.

मामा : एक. दोन. तीन. अगदी चपखल बसतेय हं. चार. पाच. सहा. सात. आणि... आठवीला जागा नाही.

मामी : असं कसं? आण इकडे. सात आठे छप्पन्न. मी मोजून घेतलंय.

भाची : मामी, ही कळी तळाशी आठ सेंटिमीटर आहे.

मामी : सात कापलीय.

भाची : पट्टी लाव.

मामी : हं. दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर माया सोडली मी.

मामा : हेल्मेटला शिवण घालणार होतीस?

मामी : हसा. सव्वीस वर्षांत शिवणीला माया सोडल्याशिवाय कात्री चालवली नाही. हाताला सवय आहे, हात विचारतो का, हे कापड आहे की पुठ्ठा.

मामा : नाही विचारत. माझाही कडेलाच गेला. आण, नव्याने काप.

मामी : कागद संपला. आणि सात बसतायत तर चपखल बसतायत, एका केसाची फट नाही. सातच करू.

भाची : सातात एक नारिंगी, एक पांढरी असं जमत नाही गं. शेवटी दोन नारिंगी शेजारीशेजारी येतात.

मामा : मग सातवीला तिसरा रंग. पाण्यात मिसळणारा आणखी कुठला आहे घरात?

मामी : कुंड्यांना लावलेला पोपटी. तळाशी थोडा उरलाय.

मामा : पोपटी. नारिंगी आणि पांढऱ्याच्या मध्ये एकटी पोपटी. रंगारी म्हणून मला लाज वाटायला हवी. बारीक पॉलिश पेपर द्या, पाणी द्या, आधी टाळूची चकाकी मारतो, म्हणजे रंग धरेल. साबणाने धुऊन, वाळवून, एकावर एक पातळ हात. जाड हात द्यायचा नाही, घाई झाली की रंग रुसतो. पोपटी कळी कुठे येतेय बघ.

भाची : डाव्या कानाच्या जरा मागे.

मामा : विचित्र दिसेल. कपाळावर फिरवू का?

भाची : नको. चपखल बसलेल्या कळ्या पुन्हा हलतील. असू दे जिथे आली तिथे.

(रविवार संध्याकाळ. तीच बाल्कनी.)

मामी : हात धुतलेस? बस आधी. आणि तोंड असं का केलंयस, हसतेयस की रडतेयस ते एकदा ठरव.

मामा : तिला श्वास घेऊ दे. चिंगे, एकच सांग. दिसलीस?

भाची : दिसले. सांगते ना. बाईंनी आम्हा बाराही जणांना पडद्यासमोर बसवलं. चित्रण सुरू झालं. बारा निळी माणसं, अकरा करडी टाळकी आणि एक आपलं. कुणाला विचारावंच लागलं नाही. बाई म्हणाल्या, ही छत्री कुणाची? मी हात वर केला. मग त्यांनी चित्रण पुन्हा मागे नेलं.

मामी : का? काही चुकलं?

भाची : मलाही तेच वाटलं. त्यांनी तीन वेळा तेच लावलं. मग उठून पडद्यापाशी गेल्या आणि बोट ठेवलं पोपटी कळीवर. म्हणाल्या, नारिंगी-पांढऱ्या कळ्या सगळ्या सारख्या, कोण किती फिरलं ते त्यांच्यावरून कळलं नसतं. हा एक वेगळा तुकडा आहे म्हणून कळतं. चाळीस सेकंद. कॅमेरावाला सरकला, ढग सरकले, शेजारचे सरकले. हा हिरवा तुकडा सुरुवातीला जिकडे होता तिकडेच आहे. ही मुलगी केसभरही फिरलेली नाही.

मामा : तसंच म्हणाल्या? केसभर?

भाची : केसभर. मग औषधवाली आपणहून उभी राहिली. म्हणाली, बाई, गेल्या रविवारी फिरले ती मी असणार, आज पण मला गरगरत होतं. बाईंनी गेल्या वेळचं चित्रण पुन्हा काढलं, दोघींना पायातल्या बुटांवरून ओळखलं आणि माझी माफी मागितली. सगळ्यांसमोर.

मामी : आणि घेतलं का? आठांत?

भाची : आठांत नाही, मामी.

मामी : म्हणजे?

भाची : पहिल्या चौघांत. साखळी सुरू होते ना, तेव्हा चार जण आधी एकमेकांना धरून स्थिर होतात आणि बाकीचे येऊन त्यांना धरतात. ते चार हलले की सगळं विस्कटतं. बाई म्हणाल्या, ही मधे पाहिजे. हिला धरायचं.

मामा : हिला धरायचं.

मामी : अहो, त्या हाताने डोळे पुसू नका, रंगाचा आहे तो.

भाची : आणि बाकीच्या अकरा जणांनी विचारलंय, आमच्या हेल्मेटवर पण एक वेगळी कळी मिळेल का. बाईंचंच म्हणणं आहे, प्रत्येकाची कळी वेगळ्या रंगाची हवी. येत्या शनिवारी सगळे हेल्मेटं घेऊन येतायत. मी मामीला न विचारताच हो म्हटलंय.

मामी : येऊ देत. कागद जास्त आणायला सांग. आणि माया सोडूनच कापणार मी, आता सांगून ठेवते. सातच बसल्या पाहिजेत.

मामा : आणि चित्ते? चित्ते कुणी पाहिले की नाही?

भाची : पाहिले ना. विमानात शेजारी बसला होता त्याने. दार उघडायच्या आधी निरखून बघितलं आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, मांजरं फार गोड आहेत.

मामा : मांजरं.

मामी : झेप घेणारी मांजरं.

मामा : हसून घ्या. पण एक गोष्ट आहे. मी आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगत आलो, त्यातली बदकं नऊ होती की सतरा ते मलाही आता ठाऊक नाही. ही मात्र जशी झाली तशीच ठेवायची. काही वाढवायचं नाही.

भाची : मग उद्या कट्ट्यावर काय सांगशील?

मामा : ते उद्याचं उद्या. विमानाचं दार उघडलं तिथपासून तू पुन्हा सांग. सावकाश. मी मधे बोलत नाही.