लांबून दिसेल असं

फिटर – हे बघा वहिनी, दाराच्या हँडलला हे धुरकट कव्हर. हल्ली सगळे हेच नेतात. डोळ्यांवर येत नाही.

वहिनी – मला डोळ्यांवर येणारंच हवंय. रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे.

फिटर – मग हे क्रोम. नुसता आरसा. भांग पाडून घ्या यात! पण खरं सांगू का? दादांच्या गाडीच्या हँडलला मी हे कव्हर चढवणार, यावर माझाच विश्वास बसत नाही. याच बाकावर बसून माझी टिंगल करायचे. म्हणायचे, ‘ओझं वाहणाऱ्याला दागिने कशाला रे?’

वहिनी – नवऱ्यानं माझ्या कुणाची टिंगल करायचं सोडलं का कधी? पण आता विसरले असतील. सगळं विसरले, तेवढंच कशाला लक्षात राहील?

फिटर – मघाशी मला बघून हसले की.

वहिनी – सगळ्यांनाच हसतात. परवा कपाटाच्या आरशाला हसले. वर म्हणाले, गृहस्थ सज्जन दिसतो.

फिटर – तसे विनोदी पहिल्यापासूनच. कपाळाला काय लागलंय त्यांच्या?

वहिनी – त्यासाठीच तर आलेय. तुला माहीत आहे, आमच्या गल्लीत सगळे मालवाहतूकवाले. घरासमोर रांगेनं पांढऱ्या पिकअप, एकीसारखी दुसरी. हे रोज दुपारी आपल्या गाडीत जाऊन बसतात, स्टिअरिंग धरून.

फिटर – चालवतात?

वहिनी – छे रे. चावी माझ्या कमरेला. मुलगा चालवतो आता, सकाळची भाडी करून आणतो. दुपारी गाडी उभी असते, तेव्हा हे बसतात आणि मी शेजारी. गाडी जागची हलत नाही, पण माणूस शांत होतो. जेवतो, झोपतो. नाहीतर घरात नुसत्या येरझारा.

फिटर – मग बरंच आहे की.

वहिनी – हल्ली माझा डोळा चुकवून एकटेच जातात. आपली गाडी ओळखू येत नाही, मग दिसेल त्या गाडीचं हँडल ओढत फिरतात. मंगळवारी एकानं चोर समजून ढकललं. पायरीवर आपटले.

फिटर – दादांना ढकललं? कोण तो?

वहिनी – नवा भाडेकरू आहे. त्याचं तरी काय चुकलं? नंतर बिचारा हात जोडून उभा राहिला. पण मुलानं निर्वाणीचं सांगितलंय. पुन्हा असं झालं, तर ही गाडी विकून टाकायची, दुसरी घेऊन दुसरीकडे लावायची आणि घराला बाहेरून कुलूप.

फिटर – स्वतःच्या बापाला कुलूप?

वहिनी – तोही थकलाय रे. मी त्याला बोल लावत नाही. पण गाडी गेली तर माझं सगळंच गेलं. घरात मी त्यांना कोणीतरी बाई वाटते. स्वयंपाकाला आलेली, नाहीतर दवाखान्यातली. गाडीत शेजारी बसले की ओळखतात. नावानं हाक मारतात. तेवढ्यासाठी दिवसभर वाट बघते मी.

फिटर – घ्या वहिनी, पाणी घ्या.

वहिनी – नको. तू लाव ते. दोन्ही दारांना लाव. लांबून चमकलं की त्यांना कळेल.

फिटर – आधी हँडल स्पिरिटनं पुसतो, नाहीतर कव्हरच्या मागची चिकटटेप धरत नाही. अरेच्चा, ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल आतून चेपलंय. केवढी खाच पडलीय, बोट अडकतं.

वहिनी – जुनीच आहे. माल बांधायच्या दोरीचा आकडा लागला होता. माझं बोट कितीदा कापलंय त्यानं. नवीन हँडल बसवा म्हटलं, तर म्हणायचे, चालतंय की. झाकून टाक एकदाची.

फिटर – जाईल कव्हरखाली. थोडी गरम हवा मारतो. हं, आता तुम्ही त्या टोकाला दाबून धरा. असंच. उद्यापर्यंत पाणी लागू देऊ नका, टेप पक्की धरायला वेळ लागतो.

वहिनी – दिसतंय रे लांबून. थांब, घेऊन येते त्यांना.

(ती दुकानात जाते आणि दादांना हाताला धरून बाहेर आणते.)

वहिनी – चला, गाडीत बसायचं ना?

दादा – कुठल्या?

वहिनी – ही काय समोर. हँडल चमकतंय बघा. चमकेल ती आपली, एवढंच लक्षात ठेवायचं.

दादा – छे छे. ही कोणा हौशी माणसाची दिसते.

फिटर – दादा, नंबर तरी बघा.

दादा – नंबर काय, कोणीही रंगवतो. आमची कामाची गाडी आहे. ओझं वाहणाऱ्याला दागिने कशाला?

वहिनी – ऐकलंस? माझं नाव राहिलं नाही डोक्यात, आणि हे राहिलं.

दादा – आमची पलीकडे असेल. ती काय, पांढरी.

फिटर – दादा, थांबा! ती दुसऱ्याची आहे. मधे रस्ता आहे, दादा! धरलंय वहिनी मी, घाबरू नका.

वहिनी – काढ ते कव्हर.

फिटर – आत्ता तर लावलं.

वहिनी – टेप धरायच्या आत काढ. चुकलंच माझं.

फिटर – मागून दोरा घालून टेप कापतो. थोडा रंग जाईल.

वहिनी – जाऊ दे रंग.

फिटर – हं, निघालं. या दादा. जरा हात लावून बघा.

दादा – हं.

फिटर – वहिनी, बघितलंत? हँडलकडे नजरसुद्धा नाही. बोट थेट खाचेत गेलं.

दादा – आकडा लागला होता इथं. हीच आपली.

फिटर – म्हणजे गल्लीत ते कोणाची दारं उघडत नव्हते हो. खाच शोधत होते.

वहिनी – आणि मी तीच झाकायला निघाले. आता मुलाला सांगते. त्या भाडेकरूलाही सांगते, की बाबा रे, हँडल ओढलं तर ओढू दे, खाच लागली नाही की आपोआप पुढं जातील.

फिटर – संध्याकाळी मुलगा गाडी न्यायला येईल ना, मीही बोलतो त्याच्याशी. माझं ऐकतो तो. बघा, बसलेसुद्धा. स्टिअरिंग कसं धरलंय! जा वहिनी, तुम्ही पलीकडून बसा. दार उघडं आहे.

वहिनी – बसते. आज फार दमले रे.

दादा – बाई, तिथं नका बसू.

वहिनी – का हो?

दादा – ती जागा बायकोची आहे. येईलच एवढ्यात. तिला नेहमी उशीर होतो.

फिटर – अहो दादा, ह्याच तर...

वहिनी – राहू दे. काही बोलू नकोस तू. ऐकलंत का, ती येईपर्यंत बसले तर चालेल?

दादा – बसा. पण ती आली की उठावं लागेल.

वहिनी – उठेन.