बाळारामने हात धरला नाही

बाळारामने मला फसवलं. माझा जन्माचा दोस्त, आणि माझ्याच मुलीच्या लग्नाच्या सुपारीत त्याने मला फसवलं, हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. लोक म्हणतात, काशिनाथशेठ, झालं ते चांगलंच झालं ना, आता कशाला धरून बसता. अहो, जुनी मशीन विकत घेतली आणि ती नशिबाने चांगली चालली, म्हणून खोटं बोलून विकणारा साधू होतो का?

आम्ही मूळचे खाडीकाठचे आगरी. बाप मिठागरात राबला, त्याच्या पायाला मिठाच्या भेगा पडल्या त्या शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. त्या भेगा बघून मी मिठागरात पाय ठेवला नाही, भिवंडीत कामतघरला कापडाच्या लूमवर लागलो. तिथे बाळाराम भेटला. वज्रेश्वरीकडच्या खेड्यातला कुणबी, अंगाने काडी, बोलायला गोड. आमच्या लूम शेजारी शेजारी. आता लूमच्या खात्यात तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल, तिथे कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, सगळं खातं खडखड खडखड करत असतं. म्हणून तिथला माणूस हाक मारत नाही, शर्टाची बाही ओढतो. धागा तुटला, ओढ बाही. चहा आला, ओढ बाही. बाळारामने माझी बाही इतकी ओढली की माझे सगळे शर्ट डाव्या खांद्यात उसवलेले, बायको विचारायची, हा बाळाराम हाय का बैल?

पुढे मालक लोक खाती बंद करायला लागले. लूम भंगारात काढायचे, त्या जागी गोदाम बांधायचे. मी बाळारामला म्हटलं, दुसऱ्यासाठी लूम चालवण्यापेक्षा आपण लूमच विकत घेऊ, चांगले भाग वेगळे काढू, विकू. तो म्हणाला, मना सौदा कराया येत न्हाय. मी म्हटलं, तुला कुठे करायचाय, तू फक्त बाही ओढ.

काय सांगू तुम्हाला, त्या एका बाहीवर आमचा धंदा उभा राहिला. मी तापायचो. मालकाने भाव सांगितला की मी अशी आग व्हायचो, कागद झटकायचो, उठायचो, दरवाजाकडे निघायचो. आणि दरवाजात पाय पडायच्या आत बाळाराम माझी बाही धरायचा. अरे काशिनाथ, बस, शेठ भला मानूस हाय, बस. मी उपकार केल्यासारखा बसायचो आणि भाव अजून खाली ओढायचो. लोकांना वाटायचं हे नाटक. नाटक नव्हतं, राग खराच यायचा मला, पण बाळाराम धरणार हे माहीत असल्यामुळे मी तो पूर्ण सोडू शकायचो. ब्रेक चांगला असला की माणूस गाडी पळवतो, तसं. आणि आमचा एक नियम होता, दोघांपैकी एकाने शब्द दिला की तो दुसऱ्याचाही शब्द. भिवंडीच्या बाजारात तेवढ्यावर आम्हाला माल मिळायचा.

बाळारामला वाचनाचा नाद. वाचनालयातून पुस्तक आणायचा आणि जेवायच्या सुट्टीत मला वाचून दाखवायचा, दोस्तीच्या गोष्टी त्याला फार आवडायच्या. कोणी दोस्तासाठी फासावर गेला, कोणी दोस्तासाठी राज्य सोडलं. मी विचारायचो, बदल्यात काय मिळालं? तो म्हणायचा, काही न्हाय. मी म्हणायचो, मग लिहिणाऱ्याला सौदा कळत नाही. तो हसायचा. एकदा म्हणाला, काशिनाथ, पुस्तकातल्या दोस्ताला दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायचं नसतं, म्हनून त्याला जीव देता येतो. आपल्याला एकमेकाचं तोंड रोज बघायचं हाय, आपल्याला त्याहून अवघड काम हाय. मी म्हटलं, डबा खा.

मग माझी मनीषा लग्नाची झाली. एकुलती एक. वज्रेश्वरीचं स्थळ आलं, आपल्यातलंच, मुलाच्या बापाचं देवळाजवळ हार-नारळाचं दुकान, मुलगा भिवंडीला गोदामात नोकरीला. मुलगा मनीषाला पसंत होता, मलाही होता, खोटं कशाला बोलू. आम्ही चार माणसं घेऊन सुपारी फोडायला गेलो, बाळाराम अर्थातच माझ्या डाव्या हाताला.

हुंडाबिंडा काही नव्हता, तो मी देतही नाही. पण लग्न कुठे? ते म्हणाले, आमच्या दारात. मी म्हटलं, कामतघरच्या मैदानात, माझी एकच मुलगी, सगळा बाजार यायला पाहिजे. ते बिचारे कबूल झाले. मग मी म्हटलं, बेंडबाजा तुमचा. कबूल. जेवणाचा आचारी मी सांगेन तो. कबूल. तिथे थांबायला पाहिजे होतं असं बायको म्हणते, बायकोला सौद्यातलं काय कळतं, समोरचा कबूल होतोय तोवर मागायचं असतं. मी हळदीचं काढलं. तेव्हा मुलाचा चुलता, म्हातारा, इतका वेळ गप्प बसलेला, म्हणाला, शेठ, सगळं ठरलं, पन ह्या सौद्यात नवरी कुठं हाय?

माझं डोकं फिरलं. उठलो. दरवाजाकडे निघालो. बाही ओढली गेली नाही. मी उंबऱ्याशी चपला घातल्या, सावकाश घातल्या, एक पट्टा परत काढून परत लावला. कोणी आलं नाही. अंगण संपलं, फाटक संपलं, मी रस्त्यावर. आता परत कसा जाऊ? न बोलावता परतलेला माणूस हरला, हे मी सगळ्या भिवंडीला शिकवलेलं. एसटी स्टँडवर जाऊन बसलो. खिशात नवा मोबाईल होता, तो हातात धरून बसलो. वाजला नाही. भिवंडीची गाडी आली, गेली. दुसरी आली, ती पण गेली.

मग बाळाराम आला, तोंडात पेढा. मला म्हणाला, चल, पाहुने वाट बघतात, सुपारी फुटली.

फुटली? बापाशिवाय? मी विचारलं, कोणी फोडली? तो म्हणाला, मी. त्यांनी विचारलं तुम्ही कोन, मी म्हटलं मुलीचा काका, बाप जरा हवा खाया गेला हाय, त्याचा शब्द माझ्याजवळ हाय. आणि लग्न? वज्रेश्वरीला, त्यांच्या दारात. बघा म्हणजे. माझाच नियम माझ्या गळ्यात घातला. त्याने शब्द दिला म्हणजे मी दिला. मोडला असता तर बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. मी गेलो, पेढा खाल्ला, म्हाताऱ्या चुलत्याच्या पाया पडलो. लग्नात नाचलो पण.

मनीषा सुखात आहे. जावई हिरा आहे, तो चुलता तर मला दर भेटीला म्हणतो, शेठ, बसा, उठू नका. बाळाराम टेमघरला राहतो, मी दर रविवारी त्याच्याकडे जातो, चहा पितो, भांडतो आणि येतो. दर वेळी विचारतो, का धरला नाहीस हात? तो हसतो, कपात चहा ओततो.

उत्तर मला मनीषानेच दिलं, माहेरपणाला आली तेव्हा. म्हणाली, बाबा, काकांवर चिडू नका, मीच गेले होते त्यांच्या घरी, सुपारीच्या आधी. मी सांगितलं, काका, बाबा उठतील. तुम्ही धरून बसवलंत की बाबा दुप्पट मागतात, मी लहानपणापासून बघतेय. एवढ्या वेळी धरू नका. काका कबूलच होईनात, म्हणाले, तो मला आयुष्यभर बोलंल. मी रडले तेव्हा हो म्हणाले.

म्हणजे तो खरंच आयुष्यभर माझी बोलणी खातोय, आणि तिचं नाव त्याने आजतागायत माझ्यापुढे काढलेलं नाही. देव त्याला शंभर वर्षं देवो, मला त्याच्याशिवाय भांडायला दुसरं कोण आहे. पण हात सोडल्याची फिर्याद मी मागे घेतो असं समजू नका. आणि आता माझी दुसरी फिर्याद आहे, ती पहिल्यापेक्षा मोठी आहे, ती पण लिहा. माझी पोर, मी तिला खांद्यावर घेऊन खाडी दाखवलेली, ती रडायला टेमघरला गेली. कामतघरच्या घरात मी पुढच्या खोलीत बसलेलो असताना माझ्यासमोरून चपला घालून गेली. का? बाळाराम, तू सांग. नाहीतर मनीषा, तू सांग. मला कोणीतरी याचा जबाब द्या.