इस्त्रीजवळचा ताप

—बंद म्हणजे काय, सिस्टर? अहो, चार सुया टोचून झाल्या, दोन उरल्या, आणि तुम्ही माझ्याच लॉंड्रीत, माझ्याच स्टुलावर बसून सांगताय की बंद — का, तर मला ताप फार चढतो! वा रे वा! अंग माझं, ताप माझा, आणि काळजी तुम्हाला! बुडत्याला काडी दिलीत ती दिलीत, आता तीही ओढून घेता? — तो कागद उचला आधी त्या शर्टावरनं, आत्ताच घडी घातलीय त्याची.

ऑपरेशन झालं तेव्हा काय म्हणाले तुमचे डॉक्टर? सुटलात म्हणाले. सुटलो, पाच वर्षं सुटलो — आणि मग रक्तातला तो आकडा परत चढायला लागला. प्रोस्टेटच काढून टाकलीत, मग कॅन्सर परत आला कुठून? विचारलं मी. धड कुणी बोलेना. मग तुमची ही लस निघाली. अंगातली ताकद जागी होऊन तीच रोगाशी लढेल म्हणे. प्रयोग आहे, निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय ते आम्हालाही ठाऊक नाही — हसत सांगितलंत तुम्ही. हसत!

मला आहे ना ठाऊक. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारे ते रिटायर मास्तर — सुई झाली की दंड टम्म, अंगात हुडहुडी, एकशेएक ताप. आणि मी? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इथे उभा, ठणठणीत! ठणठणीत म्हणजे काय, कळतं का? म्हणजे पाणी. पाणी टोचलंत मला. बायको कपाळाला हात लावायची, आला का हो ताप, आला का — आणि नाही म्हटलं की तिचं तोंड बघवायचं नाही.

मग काय करणार होतो मी? तुम्ही ताप लिहायला दिलेल्या वहीत नुसतं खोटं लिहिलं असतं, पण तुमचा थर्मामीटर महाचालू, आकडे पोटात ठेवतो. धरला मग इस्त्रीजवळ. जरासाच! मास्तरांएवढा एकशेएक हवा होता हो मला — मेला एकदम एकशेचारवर! पुसताही येईना. पुढच्या सुईला जरा लांब धरला, तरी एकशेतीन. बायकोला दाखवला, तर रडली. आनंदानं! नवऱ्याला ताप चढला म्हणून आनंदानं रडणारी बाई पाहिलीत कधी?

असं बघू नका. गेलो बोलून, गेलो. उलट बरंच झालं — ताप नव्हताच मला, मग सुई द्यायला हरकत काय? सांगा ना. पाण्याच्या असल्या तरी द्या त्या दोन, चालेल मला. काय लिहिताय? सिस्टर, काय लिहिताय तुम्ही? पेन खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! घ्या तुमचा थर्मामीटर आणि चालत्या व्हा—

कोण? तू होय! काही नाही गं, ताप विचारायला आल्यात. हो, आहे अजून थोडा. निघाल्या त्या.