ज्येष्ठाच्या ढेकळाला तूप

वेजंता माहेरी राहिली हो, मंडळी! कायमची राहिली. बापानं मागितलं, देवानं दिलं. गोड झालं की नाही? — टाळकरीबुवा, टाळ नको! मी काही बोललोच नाही. हे घडलंच नाही असं समजा आणि नीट मांडी घालून बसा.

आज सवाल एवढाच. माणसाशी खोटं बोललं की पाप लागतं, हे आपल्याला पाठ आहे. पण महिन्याशी खोटं बोललं तर?

हसू नका! ऐका.

खानदेशात सातमोडी गाव. तिथं हिलाल आप्पा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पा मातीची चार ढेकळं मांडायचे. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. वर पाण्यानं भरलेली कोरी घागर. घागर पाझरते, जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस. कोरडं राहिलं तर महिना कोरडा. मांडतात घरोघरी, पण भरवसा आप्पांच्या घागरीवर. ढगसुद्धा आप्पांना विचारून येतात, असं लोक म्हणायचे!

आखाजीला लेकी माहेरी येतात. वेजंता आली, झोक्यावर बसली आणि — झोपली! पोरी गाणी म्हणतायत, झोका हलतोय, अन् ही दोराला गाल लावून घोरतेय!

आप्पांनी झोका धरला. "सासरी जाच आहे का गं?"

"नाही आप्पा. माणसं चांगली आहेत. तुमचे जावई तर माझ्या वाटणीचं पाणीसुद्धा भरतात."

"मग?"

"मला एकदा दिवसा झोपायचंय. पोटभर."

मागणं बघा! शालू नाही, पाटल्या नाहीत!

"ज्येष्ठात पाऊस लागला की मामंजी पेरणीला न्यायला येतील," ती म्हणाली. "औंदा जरा उशिरा येऊ द्या ना पाऊस."

जसा काही पाऊस आप्पांच्या गोठ्यात बांधलाय!

पण बाप तो. पुरणपोळीसाठी काढलेली तुपाची वाटी उचलली, आणि पोरीच्या डोक्याला तेल चोळावं तसं ज्येष्ठाच्या ढेकळाला तूप चोळलं. वरून, खालून, चारी बाजूंनी. पाणी यायचं, घसरायचं, आषाढाकडे निघून जायचं!

दुसऱ्या दिवशी व्याही भटू पाटील घागर बघायला हजर.

"आप्पा, ज्येष्ठ खडखडीत की हो!"

"हट्टी आहे जरा."

"आणि चकाकतोय कशानं?"

"उन्हानं."

"म्हणजे ऊनही कडक पडणार!" भटू पाटलांनी मान डोलावली. "मग राहू द्या सूनबाईला आषाढापर्यंत. आम्हीही विहीर आणखी खोल करून घेतो. निंबा उतरतोच आहे."

निंबा म्हणजे जावई. तोच, पाणी भरणारा.

वेजंता झोपली. रोज दुपारी झोपली. आप्पा उंबऱ्यात बसून कावळ्याला हात जोडायचे — बाबा रे, हळू ओरड!

आणि ज्येष्ठात पाऊस आला. त्याला काय ठाऊक, आपल्याला तूप लावलंय?

व्याह्यांच्या शेतावरही ढग दाटले. गडी म्हणाले, "मालक, निंबाला वर घेऊ." भटू पाटील म्हणाले, "दोन शिंतोडे आहेत. ज्येष्ठ कोरडा आहे. आप्पांची घागर आहे ती!"

विहिरीचा काठ खचला, मंडळी.

दुपारी सासरचा माणूस आप्पांच्या दारात आला. चिंब भिजलेला. "वेजंताला न्यायला आलोय."

आप्पांना वाटलं, पेरणी. हळूच म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. पेरणी उद्या धरली तर?"

"पेरणी नाही, आप्पा," तो म्हणाला. आणि निंबाचं सांगितलं.

आप्पा आत गेले. पोरीच्या उशाशी बसले. हाक मारली नाही. बराच वेळ मारली नाही. ती झोपली होती तोवर निंबा जिवंत होता ना, मंडळी — तिच्यापुरता!

तेराव्याला भटू पाटलांनी आप्पांचे हात धरले. "मनाला लावून घेऊ नका. चुकते एखाद्या वेळी घागर." घागरीवर आळ आला, तो आप्पांनी तसाच राहू दिला.

वेजंता माहेरी राहिली. अंथरूण आहे, दुपार आहे, उठवणारं कोणी नाही. बसून असते.

पुढच्या आखाजीला आप्पांनी ढेकळं मांडली — तीनच. ज्येष्ठ नाही. आणि घागर तीनावर उभी राहते हो! डगमगतसुद्धा नाही. तेच वाईट.

आता तुमच्याकडे वळतो. माना खाली का गेल्या? देवाला कौल मागायचा आणि उत्तर आधी घरून चोपडून आणायचं! आप्पांनी मायेनं चोपडलं. आपण कशानं चोपडतो, ज्यानं त्यानं आपापल्या वाटीत बघावं.

तेव्हा समस्त पंचांगकर्ते व संबंधित खाते यांस सातमोडी ग्रामस्थांतर्फे नम्र विनंती करण्यात येते की, ज्येष्ठ महिना चालू वर्षापासून वगळण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, गेल्या ज्येष्ठातील एक दुपार, पोरगी झोपेत असतानाची, अर्जदार हिलाल आप्पांस परत मिळावी. कळावे.