फ्रीजबाहेरचा अर्धा तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. उदयसिंह, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या नसरीन सिस्टर, आणि दर पंधरवड्याला या दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या माझ्या आमवाताच्या सोबत्यांनो,

मी निर्मला, जयसिंगपूरची. वय अडुसष्ट. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे भाषण पाठ करूनच यायची सवय. आज तेवढं जमलेलं नाही, सांभाळून घ्या.

आपलं बायोलॉजिक इंजेक्शन अंगातली चवताळलेली प्रतिकारशक्ती आवरतं, म्हणून बोटं उघडतात. पण जंतूंना अडवतेही तीच, आणि आमच्या वयात ती आधीच थकलेली. इंजेक्शन घ्यावं तर जंतूंना दार उघडं, न घ्यावं तर मूठ बंद. मधे उभं राहायला जागा आहे कुठे?

हे इंजेक्शन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवतात, गार टोचलं तर झोंबतं. तेवढ्या वेळात कुणीही दुसरी कामं उरकेल. नसरीन सिस्टर मात्र स्टूल ओढून शेजारी बसत. सून कशी आहे, भुईमूग काढला का, आणि मग हळूच खोकला, दात, लघवीची जळजळ. आम्हाला वाटे, गप्पा चालल्यात.

दोन वर्षांपूर्वी मला ताप होता. पूजेला मी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेते. इंजेक्शन चुकलं की तो तळहात सपाट राहत नाही आणि ब्लाउजचे हूक सुनेला लावावे लागतात. सून गुणी आहे हो, पण तरी. ताप दिसला की इंजेक्शन देत नाहीत, म्हणून मी तापाची गोळी घेऊन आले. थर्मामीटर फसला.

सिस्टर म्हणाल्या, सकाळपासून पोटात काय काय गेलं ते चहापासून सांगा. चहा सांगितला, भाकरी सांगितली, आणि पुढे अडखळले. लहानपणी नन्सनी खोटं बोलायला शिकवलंच नाही, त्याचं हे नुकसान.

इंजेक्शन मिळालं नाही. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला, नऊ दिवस दवाखान्यात पडून होते. बोटं आखडली. भेटायला आलेल्या सिस्टरना मी रागानं म्हटलं, "मला माझ्याच हातात कोंडलंत तुम्ही."

त्या माझी मूठ दोन्ही हातांत धरून बसल्या. "बोटं मागनं उघडत्यात की, आक्का. छाती बंद पडली तर कोण उघडणार?"

दोन महिन्यांनी बोटं उघडली.

आता उद्यापासून त्या इचलकरंजीला, आपल्या घरी. त्यांच्या जागी क्रांती सिस्टर येताहेत. हुशार आहेत, पण अजून मला ओळखत नाहीत. आणि उद्या माझी तारीख आहे.

खरं सांगू? त्या मला ओळखत नाहीत, याच गोष्टीवर माझी भिस्त होती. परवापासून मला खोकला आहे, अंग कसकसतंय. आज इथं येतानाही गोळी घेतली आहे. सकाळी तळहात सपाट होता, त्यावरून नजर हलत नव्हती.

सिस्टर, आज तुम्ही विचारलं नाहीत, कारण आज तुमच्या गळ्यात हार आहे. म्हणून न विचारता सांगते. डॉक्टरसाहेब, उद्याचं इंजेक्शन फ्रीजमध्येच राहू द्या, आधी माझी छाती तपासा.

आयोजकांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. क्रांती सिस्टर, तेवढं ते स्टूल मात्र हलवू नका.