चारशे बाराव्या ओळीतल्या गोळ्या

मेघाली : नाही मॅडम, आधी याला विचारा. याच्या यादीत माझ्या आईच्या गोळ्या कुठून आल्या?

डॉ. भावना : मेघाली, आवाज. बाहेर विद्यार्थी बसलेत.

मेघाली : बसू देत की. डॉक्टरकीची मुलं कशी शिकतात, यावरचे छापून आलेले पेपर चाळून केलेला रिव्ह्यू आहे हा, त्यांच्यावरचाच. विशाल, चारशे बारावी ओळ काढ. पेपर का वगळला, त्या रकान्यात काय लिहिलंयस तू?

विशाल : यार, तू पण ना... मॅडम, तुम्ही एचओडी आहात, तुम्हीच समजवा हिला.

मेघाली : वाच. मोठ्याने वाच.

विशाल : "आईच्या थायरॉइडच्या गोळ्या संपल्या. येताना आण."

डॉ. भावना : हे काय आहे?

मेघाली : माझी चूक आहे, मॅडम. त्या दिवशी गावाहून, अंजूरहून आईचा फोन आला आणि माझ्या यादीत बोट होतं त्याच चौकटीत मी लिहून ठेवलं. पेपरापुढे कारण पडलं, म्हणून तो वगळलेल्यांत गेला. कबूल, शंभरदा कबूल. पण माझी आई याची कोण लागते? याची आई तर कल्याण नाक्यावर ठणठणीत आहे!

विशाल : ओके, कॉपी किया. बोल दिया. सहाला कॉलेज सुटतं, सातला माझा दवाखाना उघडतो, लूमवाल्या कामगारांची लाइन लागलेली असते. तेराशे पेपरांचे सारांश मी वाचू कधी? तू वाचलेस ना? मनापासून वाचलेस. मग तेच परत वाचून काय मोठे दिवे लावायचे होते?

मेघाली : तेच वाचायचे होते! एकमेकांचं न बघता वाचायचे होते. जिथे आपलं जमणार नाही तिथे मॅडम ठरवणार. सहा महिन्यांपूर्वी याच टेबलावर ठरलं, चहा पिऊन ठरलं.

डॉ. भावना : खरं सांगू? मतभेद एकही नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं. म्हटलं, जोडी चांगली जमली.

मेघाली : रागावू नका मॅडम, पण तेराशे पेपरांत दोन माणसांचं एकदाही वाजलं नाही, तिथेच तुम्हाला शंका यायला हवी होती. आमच्याकडे दोघी जणी एक सूप तांदूळ निवडायला बसल्या तरी चारदा वाजतं.

डॉ. भावना : मला शिकवू नकोस. त्या पेपरात आहे तरी काय?

मेघाली : सहा महिने खेड्यातल्या आरोग्य केंद्रात राहून शिकलेली मुलं. आपल्या प्रश्नाला अगदी नेमका. आपल्याकडे शेवटी सातच पेपर उरले, त्यांतल्या कुठल्याहीपेक्षा यात मुलं जास्त आहेत. आणि आपण काय लिहिलंय? 'खेड्यात राहून जास्त शिकता येतं, याला पुरावा मिळाला नाही.' मिळाला होता! मीच फेकून दिला.

डॉ. भावना : त्या एका पेपरानं निष्कर्ष बदलेल?

मेघाली : माहीत नाही. कदाचित नाही बदलणार. पण हा रिव्ह्यू पुढे करूनच मुलांची अंबाडीच्या आरोग्य केंद्रातली पोस्टिंग बंद करायचं चाललंय ना? मग मुलं इथे बसून रबरी बाहुल्यांची बाळंतपणं करणार. मी पहिलं बाळंतपण अंबाडीला केलं, मॅडम. ती बाई कळा देता देता मलाच धीर देत होती.

डॉ. भावना : हे बघ, रिव्ह्यू आजच जर्नलला पाठवायचाय. गुरुवारी तुझी मुलाखत आहे. कायम व्हायचं तर निदान पाठवलेला तरी दाखवावा लागेल. तो पेपर आत घे, आकडे नीट कर, विषय संपला.

मेघाली : आणि 'दोघांनी स्वतंत्रपणे वाचले', हे वाक्य?

डॉ. भावना : सगळेच लिहितात ते.

मेघाली : मी न्हाय लिहिणार!

विशाल : लो, अंजूर जागं झालं.

मेघाली : हाय जागं! अरे, ही एक चूक गोळ्यांमुळे दिसली. बाकीच्या तेराशेत दमून, कंटाळून मी किती चांगले पेपर बाहेर टाकले, ते कोण बघणार? मी? मला दिसल्या असत्या तर केल्या असत्या का चुका? दुसरा माणूस त्याचसाठी ठेवतात, विशाल. शोभेला नाही ठेवत.

डॉ. भावना : असंच असेल, तर मी तुझं नाव काढून टाकते.

मेघाली : काढा. पण मग वाचलेलं माणूस कुणीच उरत नाही.

(शेजारच्या कारखान्यातला लूमचा खडखडाट ऐकू येतो.)

डॉ. भावना : विशाल, सगळं नव्यानं वाचायला किती दिवस?

विशाल : दवाखाना सांभाळून... महिनाभर, मॅडम.

डॉ. भावना : पंधरा दिवस. दवाखाना उशिरा उघड, नाहीतर बंद ठेव. आणि मेघाली, गुरुवार तुझ्यासाठी थांबणार नाही.

मेघाली : ठाऊक आहे. पुढची जागा कधी निघेल?

डॉ. भावना : दोन वर्षांनी. निघाली तर.

मेघाली : चालेल. चालेल कसलं, आणखी दोन वर्षं कच्च्या नोकरीत काढायची. पण तरी आज पाठवू नका.

विशाल : मेघाली, सॉरी यार. सच में.

मेघाली : सॉरी तुझ्याकडेच ठेव. ही घे यादी. माझा रकाना काढून टाकलाय, उगाच शोधू नकोस.

विशाल : हां... पहिलाच पेपर. यात नर्सिंगची मुलं आणि डॉक्टरकीची, दोन्ही एकत्र आहेत. हा ठेवायचा की काढायचा गं?

मेघाली : मला नको विचारूस.